संयम कोणीं करावयाचा?

लग्नसराई सुरू झाली म्हणजे आमच्या शहरांतील मंगल कार्यालयांत सकाळसंध्याकाळ वाजंत्री वाजूं लागते. कन्यादानाच्या वेळीं वधूचा पिता वरास बजावतो कीं, धर्म, अर्थ आणि काम या तिहींच्या बाबतींत हिचा अतिक्रम करूं नकोस. आणि वर उत्तर देतो, ‘नातिचरामि’, म्हणजे मी अतिक्रम करणार नाहीं. आमच्या व्यापारी वाचकांपैकीं जो गृहस्थ पांच हजारांच्या कागदावरहि दोनदां वाचल्यावांचून सही करीत नाहीं, तोच गृहस्थ आपल्या जन्माचा हा करार छायाचित्रकाराकडे तोंड करून, अर्थ न विचारतां, भटजींच्या मागून पुटपुटतो आणि लगेच जेवणाच्या पंक्तींची चौकशी करूं लागतो. परंतु वचन तें वचनच. कायद्याच्या दृष्टीनें पाहिलें तर या करारानें बांधला गेलेला पक्ष वर आहे, वधू नव्हे. कामाच्या बाबतींत मर्यादा पाळण्याची जबाबदारी अग्नीच्या व आप्तेष्टांच्या साक्षीनें ज्यानें आपल्या शिरावर घेतली तो पुरुष होय. ही साधी गोष्ट ध्यानांत धरली तर गृहस्थाश्रमांतील संयमावर जीं व्याख्यानें होतात त्यांतील निम्म्याहून अधिक पाल्हाळ आपोआप गळून पडेल.

हिंदुधर्मानें विवाह हा भोगाचा परवाना मानिला नाहीं, असें आमचे व्याख्याते अभिमानानें सांगतात, व तो अभिमान अगदींच अस्थानीं आहे असें नाहीं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत ऋतुकालाच्या सोळा रात्री सांगितल्या आहेत. त्यांपैकीं पहिल्या चार, अकरावी आणि तेरावी अशा सहा वर्ज्य. उरलेल्या दहांतून आणखी आठ जो सोडील तो कोणत्याहि आश्रमांत राहिला तरी ब्रह्मचारीच, असा निर्वाळा तेथें दिला आहे. सोळांतून चौदा वजा जातां बाकी दोन! हा हिशेब आज कोणीं अक्षरशः पाळावा असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तो कोणाला उद्देशून सांगितला आहे हें पाहावें. तेथील सर्व विधि आणि निषेध पुरुषाला आहेत. अमुक रात्र टाळ, तमुक दिवशीं दूर राहा, हें गृहस्थाला सांगितलें आहे, गृहिणीला नव्हे. गीतेच्या सातव्या अध्यायांत धर्माला विरुद्ध नसलेला काम ही भगवंताचीच विभूति म्हटली आहे. म्हणजे काम निंद्य नाहीं. निंद्य आहे तो अतिक्रम. अर्थात् शास्त्रांत जें सांपडतें तें सगळें सोनेंच असतें असें मात्र कोणीं समजूं नये. बृहदारण्यकाच्या शेवटच्या अध्यायांत, न वळणाऱ्या स्त्रीस काठीनें वा हातानें मारून वळवावें, असेंहि एक स्थळ आहे, व तें वाचतांना आमच्यासारख्या अभिमान्यांची मान खालीं जाते. वारसा मिळाला म्हणजे त्यांतील नाणीं पारखून घ्यावींच लागतात.

पण घरांत पाहावें तों सारा व्यवहार उलटा. वटसावित्रीचा उपास तिनें करावा, हरितालिकेला पाण्याचा थेंबहि न घेतां तिनें राहावें, सोळा सोमवार तिनें धरावे. यजमानांचा संयम आषाढीच्या दिवशीं साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि वर दोन केळीं एवढ्यावर कसाबसा भागतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण एखाद्या बाईनेंच केली असावी असा आम्हांस दाट संशय आहे. राग आंवरावयाचा तो तिनें, हौस मारावयाची ती तिनें, सर्वांच्या मागून जेवावयाचें तें तिनें. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत तें प्रमाण शेंकडा २५. स्त्रीचा शरीरधर्म आणि बाळंतपणें हीं याचीं कारणें आहेतच. परंतु मागून जेवणारणीच्या ताटांत काय उरतें हाहि प्रश्न विचारावयास हवा. ज्या संयमानें दुसऱ्याचें रक्त आटतें त्याला संयम म्हणण्यापेक्षां कोणता शब्द योग्य, हें वाचकांनींच ठरवावें.

संयमाचें हें ओझें एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलें कसें? आमच्या मतें याचें मूळ ‘हक्क’ या एका शब्दांत आहे. नवरा म्हणतो, लग्नाची बायको आहे, माझा हक्क आहे. हा हक्क सनातन धर्मानें दिला अशी पुष्कळांची अगदीं प्रामाणिक समजूत असते. वकिलीच्या धंद्यांत ज्याला जुने निवाडे चाळावे लागतात त्याला ती टिकवून धरणें कठीण जातें.

मुंबईच्या रखमाबाईंचा खटला घ्या. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या या मुलीनें वयांत आल्यावर दादाजी भिकाजीकडे नांदावयास जाण्याचें नाकारलें. दादाजीनें १८८४ सालीं हायकोर्टांत दावा लावला. न्यायमूर्ति पिन्हे यांनीं १८८५ सालीं तो काढून टाकला, आणि काढतांना स्पष्ट सांगितलें कीं, अशा दाव्यास हिंदु कायद्यांत आधार नाहीं, ही प्रथा इंग्लंडांतून येथें आणून लाविलेली आहे. पुढें अपील झालें, दावा फेरचौकशीस आला, आणि १८८७ च्या मार्चांत न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम दिला कीं, एका महिन्यांत नवऱ्याकडे जावें, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जावें. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ सालीं दादाजीनें दोन हजार रुपये घेऊन प्रकरण मिटविलें. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या आणि सुरतेस त्यांनीं अनेक वर्षें स्त्रियांची सेवा केली.

आतां या प्रकरणांतील विनोद पाहा. इंग्रज न्यायाधीश सांगतो कीं, हा दावा हिंदूंचा नव्हे, तो इंग्लंडच्या ख्रिस्ती धर्मकोर्टांतून आलेला आहे; आणि आमचे स्वाभिमानी पुढारी, ज्यांत लोकमान्यांचीं पत्रेंहि होतीं, हिरीरीनें दादाजीची बाजू उचलतात! लोकमान्यांविषयींचा आमचा आदर कोणाहूनहि कमी नाहीं. परंतु विलायती कापडाची होळी करावयास शिकविणाऱ्या पुढाऱ्याच्या हयातींत हा विलायती माल देवघरांत जाऊन बसला, ही गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. स्वराज्य आल्यावरहि तो तेथून हलला नाहीं. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत नववें कलम म्हणून तोच घातला गेला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत रखमाबाई वारल्या. ज्या इंग्लंडांतून माल आला त्यानें तो १९७० सालीं टाकून दिला. आमच्याकडे आंध्र प्रदेश हायकोर्टानें १९८३ सालीं टी. सरिता खटल्यांत हें कलम घटनाबाह्य ठरविलें, आणि पुढच्याच वर्षीं सरोज राणी खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें तें उचलून धरलें. न्यायाची गोष्ट म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं, कलम नवरा-बायको दोघांनाहि खुलें आहे, व सरोज राणी खटल्यांत मूळ अर्ज बायकोचाच होता.

दुसराहि असाच एक जिन्नस आहे. नवऱ्यानें लग्नाच्या बायकोवर केलेली बळजोरी हा बलात्कार नव्हे, हा अपवाद १८६० च्या पिनल कोडांत आला तो मनूकडून नव्हे. सतराव्या शतकांत सर मॅथ्यू हेल नांवाचे एक इंग्रज न्यायाधीश होऊन गेले. लग्नाच्या वेळीं बायकोनें एकदां संमति दिली ती तिला परत घेतां येत नाहीं, असें ते लिहून गेले, आणि त्या परंपरेंतला हा अपवाद. खुद्द इंग्लंडांत हाउस ऑफ लॉर्ड्सनें १९९१ सालीं हें मत निकालांत काढलें. आमची भारतीय न्याय संहिता २०२३ सालीं मंजूर होऊन १ जुलै २०२४ पासून अमलांत आली. पारतंत्र्याच्या खुणा पुसण्याचा डांगोरा तिच्या नांवानें पिटला गेला. ही खूण मात्र पुसावी असें कोणास वाटलें नाहीं. बायको अठरा वर्षांखालील नसावी एवढी अट त्या अपवादांत आहे, व तीहि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाचें फळ. २०२४ च्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें सर्वोच्च न्यायालयांत प्रतिज्ञापत्र दिलें. बळजोरी करण्याचा अधिकार नवऱ्यास नाहीं, हें त्यांत मान्य केलें. पण तिला बलात्कार म्हणणें फार कठोर होईल, असा युक्तिवाद केला.

‘संमति’ हा शब्द मराठी घरांत शिरला तो १८९१ च्या संमतिवयाच्या बिलाबरोबर. फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या बंगाली मुलीचा नवऱ्याच्या संगानें प्राण गेला होता. त्या वेळीं कायद्यानें मर्यादा दहा वर्षांची होती. म्हणून १८९० सालीं कलकत्ता हायकोर्टांत बलात्काराचा आरोप टिकण्यासारखाच नव्हता, आणि नवऱ्यास एक वर्षाची सक्तमजुरी होऊन प्रकरण संपलें. दहाचे बारा करावे, एवढ्या गोष्टीवरून महाराष्ट्रांत रण माजलें. डॉ. भांडारकरांनीं शास्त्राधार काढून बिलाचें समर्थन केलें. लोकमान्यांनीं परकी सरकारनें आमच्या धर्मांत हात घालूं नये म्हणून विरोध केला. त्या सगळ्या गदारोळांत चर्चा झाली ती वयाची, ऋतुप्राप्तीची आणि गर्भाधान संस्काराची. नांव संमतीचें, परंतु जिची संमति तिला कोणीं विचारलें नाहीं. परकी सरकारचा आक्षेप तेव्हां वजनदार होता हें आम्हांस मान्य आहे. पण तें सरकार १९४७ सालीं गेलें. आतां त्या आक्षेपाच्या आड कोणीं दडावें?

याजवर दोन गोष्टी हटकून ऐकूं येतात. एक, शेजघरांत सरकारनें कां डोकवावें? आमचें उत्तर असें कीं, नववें कलम आणि तो अपवाद यांच्या रूपानें सरकार शेजघरांत आधींच नवऱ्याच्या बाजूनें बसलेलें आहे. तें तेथून उठावें एवढेंच मागणें आहे. दुसरी, खोट्या फिर्यादींचा सुळसुळाट होईल. होतील कांहीं. खोट्या हुंड्या बाजारांत निघतात म्हणून हुंडीचा व्यवहार बंद करा, असें आमच्या पेठेंतील कोणत्याहि सावकारानें आजवर म्हटलेलें नाहीं. पुरावा तपासावयास न्यायालयें आहेत.

तथापि कायदा बदलल्यानें संयम येत नाहीं, हेंहि आम्ही जाणतों. रूढि, शेजारी, सासरची मंडळी, सगळें आपल्या बाजूचें असतांना बायकोचें ‘नको’ हें अखेरचें मानणें, याला आम्ही गृहस्थाचा संयम म्हणतों. नुसतें मानणेंहि पुरेसें नाहीं. रात्रीं मानलें, आणि सकाळीं आमटींत मीठ जास्त झालें म्हणून ताट सारलें, दोन दिवस घरांत अबोला धरला, सासूकरवीं तिच्या आईस निरोप धाडला, तर तो संयम नसून थकबाकीची वसुली आहे.

संतति बेताची असावी या प्रश्नावर आमच्याकडे दोन मोठे पक्ष झाले. प्रोफेसर रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, १९२७ च्या जुलैपासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें व १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत तें सोडलें नाहीं. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. १९३४ च्या खटल्यांत त्यांचें वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं घेतलें होतें. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. मासिक चालूच राहिलें. दुसऱ्या बाजूस महात्माजी होते. १९३५ च्या डिसेंबरांत मार्गारेट सँगरबाई त्यांना वर्ध्यास भेटल्या, तेव्हां त्यांनीं कृत्रिम साधनें नाकारून संयमाचाच आग्रह धरला. परंतु त्याच संभाषणांत, नवऱ्यास ‘नाहीं’ म्हणावयास बायकांनीं शिकलें पाहिजे, असेंहि ते बोलले. अनुयायांनीं पहिला भाग पाठ केला आणि दुसरा सोयिस्करपणें विसरले.

आम्ही स्वतः कर्व्यांचा उपाय आणि महात्माजींचा हा दुसरा भाग, दोन्ही घेऊं. साधनांनीं मनुष्य अधिक विषयी होतो, ही भीति फोल ठरली आहे. पण बायकोच्या इच्छेचा प्रश्न साधनांनीं सुटत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. आणि एकट्यानें घेतलेला संयमहि निर्दोष नव्हे. महात्माजींनीं १९०६ सालीं, चार मुलगे झाल्यावर, ब्रह्मचर्याचें व्रत घेतलें. आधीं सहकाऱ्यांशीं खल केला, आणि कस्तुरबांना मात्र व्रत घेण्याच्या वेळींच विचारलें, हें त्यांनींच आत्मचरित्रांत प्रांजळपणें लिहून ठेविलें आहे. बांनीं हरकत घेतली नाहीं. पण ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील लोपामुद्रेनें घेतली होती. तपांत गुंतलेल्या अगस्त्याला ती ऐकविते कीं, वर्षें गेलीं, शरीर शिणलें, जरा रूप हरण करूं लागली. गृहस्थाच्या संयमाविषयीं आमच्या वाङ्मयांतील अति प्राचीन संवादांपैकीं हा एक, आणि तो नवऱ्याच्या एकतर्फी व्रताविरुद्ध बायकोनें मांडलेली फिर्याद आहे! भोग असो वा त्याग, जो दोघांचा आहे तो दोघांनीं बसून ठरवावयाचा.

स्वतंत्र हिंदुस्थानांत काय झालें? १९५२ सालीं सरकारनें कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हातीं घेतला. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर महात्माजींच्या शिष्या. त्यामुळें आरंभीं भर दिवस मोजून दूर राहण्याच्या पद्धतीवर होता. दिवस चुकूं नयेत म्हणून रंगीत मण्यांच्या माळा वांटल्या गेल्या, त्या बायकांना. रोज एक मणी सरकवावयाचा तो तिनें. यजमानांच्या गळ्यांत माळ घालावी असें कोणास सुचलें नाहीं. पुढें शस्त्रक्रिया आली. आणीबाणींत, १९७६ च्या सुमारास, पुरुषांवर सक्ति झाली, तिचा धसका बसला, आणि तेव्हांपासून जो पुरुष मागें फिरला तो फिरलाच. वर सांगितलेल्या पाहणींतील आंकडे असे: विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा ३७.९ जणींनीं स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतलेली. ज्यांच्या नवऱ्यांनीं करून घेतली अशा शेंकडा ०.३. जमाखर्चाची ही वही एखाद्या भागीदारींतली असती तर दुसऱ्या भागीदारानें केव्हांच दुकान मोडून मागितलें असतें.

आणि तीहि कशी शस्त्रक्रिया? बाईचें पोट उघडावें लागतें किंवा त्यांत दुर्बीण घालावी लागते. बिनटांक्याच्या पद्धतीनें पुरुषाची शस्त्रक्रिया त्या जागेपुरती भूल देऊन कांहीं मिनिटांत होते, व मनुष्य त्याच दिवशीं घरीं येतो. कांहीं दिवस पोतीं उचलूं नयेत, सायकल चालवूं नये. सुमारें तीन महिने दुसरें साधन वापरावें आणि मग तपासणी करून घ्यावी. पुरुषत्व जात नाहीं, शक्ति जात नाहीं. जाते ती फक्त दोन दिवसांची दुकानावरची बैठक. मुलें पुरीं झालीं असें ज्या घरांत दोघांनीं ठरविलें आहे, त्या घरांत शस्त्रक्रियेच्या टेबलावर कोणीं निजावें, याविषयीं ‘नातिचरामि’ म्हटलेल्या गृहस्थानें आतां तरी विचार करावा. आमच्या शहरांतील व्यापारी मंडळें आणि जातिसंस्था नेत्रशिबिरें भरवितात, रक्तदानाचीं शिबिरें भरवितात, व त्याबद्दल आम्हीं त्यांचें वेळोवेळीं अभिनंदन केलें आहे. त्यांनीं सरकारी दवाखान्याच्या मदतीनें पुरुषांकरितां असें एक शिबिर भरवावें, आणि पहिलें नांव अध्यक्षांनीं आपलें स्वतःचें नोंदवावें. त्यांची हरकत नसल्यास त्यांचें छायाचित्र पहिल्या पानावर, सत्काराचा हार न घालतां, छापावयास आम्ही तयार आहों.